गुरुवारची दुनळी

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून दुकानात पूर्ण वेळ. बाबांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र चौकटीत घालून तिजोरीच्या वर, बंदूक दुरुस्तीच्या परवान्याशेजारी टांगलं. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे चौकट जरा मोठी झाली आहे. परवाना तिच्या शेजारी गरीब दिसतो. सकाळी दुरुस्त झालेली बंदूक न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, "ही कसली परवानगी?" बाबा म्हणाले, "इतिहासाची."

मैत्रिणी विचारतात, अहिंसेवर निबंध लिहिणारी तू, बंदुकांच्या दुकानात काय करणार? मी शांतपणे सांगते की आम्ही बंदुका विकत नाही, दुरुस्त करतो, आणि त्याही बहुतेक जुन्या दुनळ्या. दोन नळ्या शेजारी शेजारी, दोन चाप, अक्रोडाचा दस्ता. हल्लीचे नेमबाज एकावर एक नळ्या असलेली नवी बंदूक घेतात. जुन्या दुनळ्या कपाटामागे पडून राहतात, आणि मालक गेला की वारस त्या भंगाराच्या भावाने काढतात. हाताने घडवलेली वस्तू अशी नाहीशी होताना इतिहासाच्या पदवीधराने बघत बसायचं का?

बाबांचं म्हणणं, "वर्षभर बघू. नाहीच चाललं तर मोबाइलवाला जागा मागतोच आहे." बाबा गल्ला सांभाळतात. खरं काम आत्याचं. आजोबांनंतर खिडकीजवळच्या कामाच्या टेबलावर तीच बसली आणि दुसऱ्या कुणाला तिने तिथे बसू दिलेलं नाही. काम घट्ट पकडून धरणारा शेगडा, कानशी, कोरण्या, काजळीचा दिवा, सगळं तिच्या हाताच्या अंतरावर. तिने लग्न केलं नाही. आई म्हणते, वन्संना विचारायला येणारे बंदुकांचं दुकान बघूनच परत जायचे.

मी आत्याला सांगितलं की आपण जुन्या दुनळ्यांना त्यांची खरी किंमत मिळवून द्यायची. ती म्हणाली, "दे. मी तोवर हिचा स्क्रू काढते."

६ फेब्रुवारी, गुरुवार

तारमास्तर दर गुरुवारी दुपारी येतात हे ऐकून होते, पण कॉलेजमुळे कधी पाहिलं नव्हतं. तारघरात होते, ते बंद झालं तेव्हा हेही निवृत्त झाले. बायको फार पूर्वी गेली, मूलबाळ नाही. कडक इस्त्रीचा शर्ट, खांद्याला चामडी पेटी, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्दाला पैसे पडतात.

"आता काय झालं?" आत्याने मान वर न करता विचारलं.

"डावा चाप जड लागतो."

"मागच्या वेळी उजवा जड होता."

"तो आता हलका झाला. म्हणून डावा जड वाटतो."

"बसा."

ते टेबलाशेजारच्या स्टुलावर बसले. आत्याने बंदूक घेतली आणि पहिल्यांदा दस्त्याच्या टोकाची, खांद्याला टेकते ती शिंगाची पट्टी उघडली. मी विचारलं, चाप जड असताना पट्टी कशाला? "मुळापासून बघावं लागतं," असं म्हणून ती आमच्याकडे पाठ करून खिडकीकडे वळली. तारमास्तरांनी खिशातून वर्तमानपत्र काढलं आणि तिला हवामान वाचून दाखवलं, मग छोट्या जाहिराती. सगळी दुपार हेच. एका चापासाठी एवढा वेळ. इतका रिकामा वेळ असलेली माणसं पाहिली की मला समाजाची काळजी वाटते.

मात्र बंदूक पाहून मी थक्क झाले. चापाच्या यंत्रणेवरच्या पट्ट्यांवर केसासारखी नक्षी, अक्रोडाच्या लाकडात काळ्या रेघांचा धूर, नळ्या मूळ लांबीच्या, कुठे कापलेल्या नाहीत. ही तारमास्तरांच्या वडिलांची. स्वतः तारमास्तरांनी आयुष्यात एकही पक्षी मारलेला नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "आवाज मोठा होतो."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आजची तक्रार: बंदूक उघडताना कुरकुरते.

"वय झालं की कुरकुरणारच," आत्या म्हणाली.

"माझं म्हणता की तिचं?"

"बंदुकीचं. तुमचं मी कशाला काढू?"

आज मला एक महत्त्वाची गोष्ट आढळली. दस्त्याच्या पट्टीच्या दोन्ही स्क्रूंच्या खाचा ताज्या ओरखडल्या आहेत. आत्या प्रत्येक स्क्रूला त्याच्या मापाचा स्क्रू ड्रायव्हर घासून वापरते, तिच्या हातून असे ओरखडे पडणं शक्य नाही. म्हणजे तारमास्तर घरी स्वतः खटपट करतात, चुकीच्या हत्यारांनी. एवढ्या मौल्यवान वस्तूचे हे हाल अज्ञानातून होतात, वाईट हेतूने नाही. अज्ञानावर उपाय आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

जुन्या बंदुकांच्या संग्राहकांच्या मंडळासाठी लेख लिहायला घेतला आहे. विषय: दुनळीचं आकर्षण. आतापर्यंत एवढं झालं:

दुनळीच्या नळ्या समांतर असतात असा सर्वांचा समज आहे. त्या समांतर नसतात. डोळ्याला कळणार नाही इतक्या बेताने एकमेकींकडे झुकवून त्यांना मधल्या पट्टीवर डाख देऊन जोडलेलं असतं. तसं केलं नाही तर दोघींचा मारा दोन वेगळ्या जागी पडेल. डाख पक्का आहे का ते बघायचं तर नळ्या सुट्या करून बोटावर टांगतात आणि नखाने टिचकी मारतात. जोड चांगला असेल तर घंटेसारखा नाद येतो आणि बराच वेळ राहतो. सुटला असेल तर फुटक्या मडक्यासारखं वाजतं.

हातात घेतली की नळ्या आणि दस्ता यांचं वजन दोन हातांच्या मधोमध येतं. नवी बंदूक उचलावी लागते. ही हातात येते. शिवाय दोनच काडतुसं असल्यामुळे दोनदा चाप ओढला की थांबावं लागतं, बंदूक उघडावी लागते, विचाराला वेळ मिळतो. माझ्या मते दुनळी हे संयमाचं शिक्षण आहे.

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "नव्या बंदुकीत एकावर एक नळ्या. खालची कायम म्हणणार, वरचीचं ओझं मीच का वाहू? शेजारी बसलेलं बरं असतं." मी म्हटलं, लेखात विनोद नको.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुनळीची निगा राखण्याचे दहा नियम छापून आणले. पहिली प्रत तारमास्तरांना दिली. घरी स्क्रू न उघडणे हा नियम पहिलाच, ठळक अक्षरात. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"हे सगळं पाळलं तर बंदूक बिघडणार नाही?"

"कधीच नाही."

"कधीच?"

"वर्षातून एकदा आणून दाखवलीत तरी पुरे."

त्यांनी कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली. आत्याची कानस हातातून निसटली. तिच्या हातून कानस निसटलेली मी पहिल्यांदा पाहिली.

ते गेल्यावर म्हणाली, "पुढच्या वेळी दारावर 'येऊ नका' अशी पाटीच लाव. कागद वाचेल." मी तिला समजावलं की गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर धंदा चालवणं नीतीला धरून नाही. बाबा गल्ल्यामागे खोकत होते. त्यांना औषध आणायला हवं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

नियमांचा काही उपयोग झालेला नाही. आज तारमास्तर म्हणाले, "हलवली की आत काहीतरी वाजतं."

आत्याने बंदूक कानाशी धरून हलवली. "वाजतंय खरं." तिने पट्टी उघडली. दस्त्याच्या आत वजन साधण्यासाठी एक पोकळी कोरलेली असते. त्या पोकळीतून एक वाळलेला वाटाणा कापडावर घरंगळला.

तिघेही त्याच्याकडे बघत राहिलो.

"हा कसा गेला आत?" मी विचारलं.

"कल्पना नाही," तारमास्तर म्हणाले.

"मलाही नाही," असं म्हणून आत्याने वाटाणा उचलून एप्रनच्या खिशात टाकला. मग तिला हसू आवरेना. तेलकट हाताने डोळे पुसल्यामुळे गालावर काळा पट्टा उमटला आणि तारमास्तरांनी आपला रुमाल पुढे केला. पांढराशुभ्र रुमाल होता. आता तो निघणार नाही.

दस्त्याच्या पट्टीखाली वाटाणा जाण्याचा मार्ग मला सुचला नाही, पण उंदीर काहीही करू शकतात. म्हणजे बंदूक स्वयंपाकघरात ठेवली जाते. अकरावा नियम जोडला.

६ मार्च, गुरुवार

तारमास्तरांना उंदराचा पिंजरा भेट दिला. त्यांनी गंभीरपणे घेतला. "उंदराला सांगतो," म्हणाले. तक्रार: चाप आता फार हलका झाला.

आत्याने खिडकीत तेलाच्या रिकाम्या डब्यात काहीतरी पेरलं आहे आणि रोज त्याला पाणी घालते. लोखंडी कामाजवळ ओल आणू नये, गंज धरतो, हे मी तिला सांगितलं. "बरं," म्हणाली. डबा हलला नाही.

९ मार्च, रविवार

आजचा दिवस लक्षात राहील. मंडळाने माझा लेख आणि मी काढलेली तारमास्तरांच्या दुनळीची छायाचित्रं सभासदांना पाठवली होती. एका मोठ्या संग्राहकांचं उत्तर आलं. त्यांच्याकडे काचेच्या कपाटांत अशा कित्येक बंदुका आहेत, पण या कारागिराची एवढी अस्सल, मूळ रूपातली दुनळी त्यांनी पाहिली नाही. किंमत कळवली आहे. ती वाचून बाबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचली. आमच्या दुकानाचं नाव त्यांच्या सूचीत छापणार. मोबाइलवाल्याला आता दुसरी जागा शोधू दे.

१३ मार्च, गुरुवार

तारमास्तरांना सांगितलं. मी उभी राहून सांगितलं, कारण प्रसंग तसा होता. बंदूक योग्य माणसाच्या हाती जाईल, तिला ठरावीक तापमानाच्या कपाटात ठेवतील, आणि तुमच्या वडिलांचं नाव खाली लिहिलेलं राहील.

त्यांनी आत्याकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

आत्या कानस चालवत होती. "बंदूक तुमची. मी कोण सांगणार?"

"बरोबर आहे."

"चांगला भाव येतोय म्हणतात."

"हो."

"मग झालं तर."

कानस बराच वेळ चालली. शेगड्यात काय धरलं होतं ते मला दिसलं नाही. मग तारमास्तर मला म्हणाले, "तू एवढी मेहनत घेतलीस. नाही कसं म्हणू?" आज त्यांनी वर्तमानपत्र उघडलंच नाही. इतकी मोठी बातमी ऐकून दोघंही अगदी अवाक झाली होती.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "तू जरा थांबलीस तर?"

"का?"

"असंच."

बाबांचं हे नेहमीचं. यश समोर आलं की त्यांना भीती वाटते. आई मला म्हणाली, "तुला डोळे दिलेत ते पुस्तकं वाचायलाच दिलेत का गं?" आईने माझ्या शिक्षणाबद्दल असं बोलावं याचं वाईट वाटलं. तिला शिकायला मिळालं नाही, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

२० मार्च, गुरुवार

रविवारी संग्राहक येणार. त्याआधी पूर्ण दुरुस्ती. तारमास्तर सकाळीच बंदूक घेऊन आले आणि स्टुलावर बसले.

आत्याने काम केलं तसं मी कुणालाच करताना पाहिलेलं नाही. दिव्याची काजळी नळ्यांच्या बुडाला धरायची, बंदूक मिटायची, उघडायची. काजळी जिथे पुसली गेली तिथे लोखंड लोखंडाला टेकतंय. तिथे कानस एकदाच, हलक्या हाताने. पुन्हा काजळी. संध्याकाळपर्यंत बुडाला सगळीकडे सारखा डाग उमटू लागला. बंदूक मिटताना आवाज येईनासा झाला, नुसता श्वास सोडल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, पट्टी उघड, आतल्या क्रमांकाचं छायाचित्र घेते. "तिथलं मी बघते," म्हणून ती खिडकीकडे वळली आणि बराच वेळ वळलेलीच राहिली.

"झालं," ती शेवटी म्हणाली. "आता हिला काही होणार नाही."

अशी बातमी हसऱ्या चेहऱ्याने सांगायची असते. तारमास्तरांनीही आभार मानले नाहीत. बंदूक रविवारपर्यंत दुकानातच ठेवून ते रिकामी पेटी खांद्याला लावून गेले. दारात आत्याने विचारलं, "पुढच्या गुरुवारी?"

"काय आणू?" ते म्हणाले.

मी सुचवलं की घड्याळ वगैरे असेल तर बघू. कुणी हसलं नाही.

२३ मार्च, रविवार

आज जे झालं ते नीट लिहायचा प्रयत्न करते.

संग्राहक आले. म्हातारे, सुती हातमोजे, बोलणं मऊ. तारमास्तर स्टुलावर, आत्या टेबलाशी, बाबा गल्ल्यावर. संग्राहकांनी बंदूक उघडली, मिटली, पुन्हा उघडली. नळ्या सुट्या करून बोटावर टांगल्या आणि टिचकी मारली. नाद दुकानभर गेला. त्यांनी डोळे मिटून तो संपेपर्यंत ऐकला. "हिला कोण बघतं?" त्यांनी विचारलं. बाबांनी आत्याकडे बोट केलं. संग्राहक उठून तिला वाकून नमस्कार करते झाले. त्या क्षणी मला वाटलं, माझं सगळं शिक्षण फळाला आलं.

मग म्हणाले, "लाकडाला आतून चीर नाही ना, एवढं बघतो," आणि त्यांनी दस्त्याच्या पट्टीचे स्क्रू फिरवायला घेतले.

"तिथे काही नाही," आत्या म्हणाली.

तारमास्तर स्टुलावरून उठले.

पट्टी निघाली. आतलं लाकूड, जे कधीच कुणाला दिसत नाही, ते पानांनी भरलेलं होतं. कडेपासून एक वेल निघून पोकळीभोवती फेऱ्या घेत आत गेला होता. बाहेरची पानं जुनी, लाकूड काळवंडलेलं. जसजसं आत जावं तसतशी पानं उजळ. सगळ्यात आतलं पान नुकतं कोरल्यासारखं पांढुरकं. एकही पान दुसऱ्यासारखं नव्हतं. एका पानाला किड्याने खाल्ल्याचं बारीक भोक होतं. एका जागी पानाऐवजी वाटाण्याची शेंग होती. शेंग का, ते मला कळलं नाही.

"हे मूळचं नाही," संग्राहक म्हणाले.

"नाही," आत्या म्हणाली.

"कोणी केलं?"

"मी."

मला राहवेना. "आत्या, कुणाला विचारून? शंभर वर्षांची अस्सल वस्तू, आणि तू—"

"मला माहीत होतं," तारमास्तर म्हणाले. "घरी गेलो की उघडून बघायचो. नवीन काय आलं ते."

संग्राहक त्यांच्याकडे वळले. "मालक असून तुम्ही कधी तक्रार केली नाहीत?"

"दर गुरुवारी करत होतो."

बाबांना पुन्हा खोकला आला.

संग्राहक सज्जन होते. रागावले नाहीत. म्हणाले, काम सुंदर आहे पण अस्सलपणा गेला. तरी मार्ग आहे. एवढा भाग रंधा मारून सपाट करा, वर जराशी जाड पट्टी बसवा, बाहेरून कळणार नाही. मग ठरलेली किंमत द्यायला तयार आहे.

मला हायसं वाटलं. मी आत्याकडे पाहिलं. तिने खालच्या खणातून छोटा रंधा काढून टेबलावर ठेवला होता.

"रंधून देते," ती म्हणाली. "मालकाने सांगावं."

आणि तिने मान वर करून सरळ तारमास्तरांकडे पाहिलं. काम चालू असताना ती कधीच कुणाकडे बघत नाही.

मला वाटलं, तारमास्तर मनातल्या मनात शब्द मोजून कमी करताहेत. शेवटी एकच उरला.

"नको."

"किंमत कमी वाटत असेल तर बोलू," संग्राहक म्हणाले.

"किंमत बरोबर आहे. विकायची नाही." मग माझ्याकडे वळून, "तुझी मेहनत वाया गेली. माफ कर."

त्यांनी पट्टी घेतली आणि हाताला लागेल त्या स्क्रू ड्रायव्हरने बसवायला लागले. आत्याने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि मापाचा दिला. रंधा तसाच पडून होता.

बाबांनी संग्राहकांना चहा पाजून गाडीपर्यंत पोचवलं. परत येऊन म्हणाले, "बरं झालं." मोबाइलवाल्याला जागा देण्याची पाळी आली आहे, आणि म्हणे बरं झालं.

२४ मार्च, सोमवार

रडून झालं. आता शांतपणे विचार करते आहे.

जिथे कुणाची नजर पोचत नाही तिथे कुणी वर्षानुवर्षं पानं का कोरेल? मिरवण्यासाठी नाही, पैशासाठी नाही. म्हणजे कलेसाठी कला, अगदी शुद्ध स्वरूपात. आणि तारमास्तर हे त्या कलेचे एकमेव रसिक. कारागिराला हजार प्रेक्षक लागत नाहीत, एक पुरतो. हे वाक्य चांगलं आहे, पुढच्या लेखात वापरीन. तरीही अस्सल वस्तूत बदल करणं चूक ते चूक. कागदावर केली असती तीच पानं. मी आत्याला तसं म्हटलं.

"कागद दर आठवड्याला बिघडत नाही," ती म्हणाली.

आईला हे सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती, सुरी ठेवून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "पहिल्या वर्गात पास झालीस ना गं तू?" मी म्हटलं, हो, कॉलेजात तिसरी. "हं," म्हणाली.

२६ मार्च, बुधवार

अनपेक्षित पत्र. संग्राहकांनी आपल्या काही दुनळ्या दुरुस्तीला पाठवायचं ठरवलं आहे. आत्याइतका हात त्यांनी कुठे पाहिला नाही म्हणतात. अट एकच: दस्त्याच्या आत काही कोरायचं नाही. मी आत्याला अट वाचून दाखवली.

"त्यांच्यासाठी कोण कोरतंय?" ती म्हणाली.

बाबांनी मोबाइलवाल्याला यंदा जमणार नाही म्हणून कळवलं. म्हणजे माझ्या लेखाचा उपयोग झालाच. वाकड्या वाटेने का होईना.

२७ मार्च, गुरुवार

तारमास्तर नेहमीच्या वेळी आले. खांद्याला पेटी नव्हती.

"बंदूक?" मी विचारलं.

"घरी."

"काय बिघडलंय तिचं?"

"काही नाही. उत्तम आहे."

मग दुरुस्त काय करायचं, हा प्रश्न साधा होता. बाबा गल्ल्यातली नाणी इकडून तिकडे करत होते. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला विस्मरण झालं असेल, म्हणून मी सायकलवरून जाऊन आणते म्हटलं. "परवाना त्यांचा आहे, तुझा नाही," बाबा म्हणाले. ते बरोबर होतं.

आत्याने शेगड्यातलं काम सोडवून ठेवलं. एप्रन काढून खिळ्याला अडकवला. हात साबणाने धुतले, नखं बघितली, पुन्हा धुतले.

"मी जरा बाहेर जाऊन येते."

"कुठे?"

"बाहेर."

"आणि हे काम? संग्राहकांची पहिली बंदूक उद्या येतेय."

"उद्या येतेय ना," ती म्हणाली.

दुकान अर्धा तास आधी बंद केलं तरी कुरकुरणारे बाबा गल्ल्यामागून उठून बाहेर आले आणि त्यांनी दोघांसाठी दार उघडून धरलं. "ताई, सावकाश ये," म्हणाले. जाताना आत्या माझ्याकडे वळली. "टेबलाशी तू बस."

मी नीट ऐकलं का याची खात्री करून घेतली. टेबलाशी. आजोबांनंतर तिथे आत्याशिवाय कुणी बसलेलं नाही. मी बसले. स्टूल जरा उंच आहे, पण उजेड छान येतो. दुपारी एकजण चाप जड लागतो म्हणून आला. मी स्वतः उघडून, तेल देऊन, हलका करून दिला. घरी स्क्रू उघडू नका म्हणून बजावलं आणि नियमांचा कागद दिला. त्याने तिथेच खिशात कोंबला.

आत्या दिवे लागल्यावर आली. चपलांना धूळ, आणि कधी नव्हे ते गुणगुणत होती. मी केलेलं काम तिला सांगितलं. ऐकून म्हणाली, "चांगलं केलंस. यापुढे दर गुरुवारी दुपारी टेबल तुझं."

खरं सांगायचं तर मला भीती होती. एवढ्या चुका दाखवल्या, नियम छापले, तिच्या कलेवर बोट ठेवलं, ती दुखावली असेल असं वाटत होतं. मी तसं बोलून दाखवलं. ती कानशी एकेक करून खणात ठेवत होती. म्हणाली, "वेडी आहेस का? तू नसतीस तर हे झालंच नसतं."

पदवी मिळाली त्या दिवशीही इतकं बरं वाटलं नव्हतं. आत्या सहजासहजी कुणाचं कौतुक करत नाही. उद्या लवकर जाऊन काजळी धरायचा सराव करणार आहे. तिने एवढा विश्वास टाकला आहे, तो खरा करून दाखवायला हवा.